कातळ्याची तंगडी

३ ऑगस्ट, सोमवार

मुलगी! काल उन्हं कलायच्या आत झाली. एल्फ्रीडा, माझी नात, अशी ओरडली की वरच्या डोंगरातली वानरंसुद्धा गप्प झाली. नाळ मी कापली. या हातांनी सतरा पोरं जगात आणली, कधी हात अडला नाही. पण पणतीची नाळ कापताना सुरी तीनदा पुसत बसले!

हिस्किया बाहेर दगडावर बसून होता. म्हातारा सकाळपासून तंबाखू ओढत नव्हता, नुसता नळी चावत होता. म्हणाला, "काय?" म्हटलं, "मुलगी." म्हणाला, "नाक कुणाचं?" म्हटलं, "तुझं." म्हणाला, "मग परत आत घाल!" आणि मग तोंड फिरवून रडला. मला दिसलं. मी आत वळले. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

ही वही एल्फ्रीडाच्या शाळेची. मागची पानं कोरी आहेत. मी मिशनच्या शाळेत दोनच वर्षं गेले, पण अक्षर बरं आहे, पाद्रीणबाई म्हणायच्या. म्हटलं पोरगी मोठी झाली की तिला वाचायला होईल — तू आलीस तेव्हा तुझी पणजी काय करत होती. तर ही हे करत होती. लिहीत होती.

नाव पणजोबांनी ठेवायचं. हिस्किया म्हणतो विचार करतोय. विचार करायला त्याला वेळ लागतो.

४ ऑगस्ट, मंगळवार

एल्फ्रीडाला दूध उतरत नाही.

घाबरायचं नाही, पहिलटकरणीला वेळ लागतो. साखरेच्या पाण्यात चिंधी बुडवून चोखवली. पोरगी चोखते, मग रडते. रडण्याला जोर आहे अजून.

गेल्या साली असती तर शेळीचं दूध होतं. अकरा शेळ्या होत्या, दुष्काळात एकेक गेली. शेवटची जूनमध्ये मेली, ती उभ्याउभ्याच मेली. हिस्कियाने ढकलली तेव्हा पडली. बाकीची माणसं उरलीसुरली जनावरं घेऊन उत्तरेला गेली. आम्ही एल्फ्रीडाच्या पोटामुळे थांबलो. तिचा नवरा तांब्याच्या खाणीत, त्याला चिठ्ठी पोचायलाच महिना. आता या घळीत आम्ही तिघं — चुकले, चौघं! आणि चोर. चोर म्हणजे आमचा कुत्रा. नावाप्रमाणेच आहे. माझा दीर एरास्टस पंपापाशी राहतो, चालत अर्धा दिवस. दर मंगळवारी येतो, आज नाही आला. जनावर अडलं असेल.

नुसत्या मक्याच्या पिठाने पोट फुगतं, दूध येत नाही. आई म्हणायची, बाळंतिणीला हाडाचं पाणी पाज. हाड कुठून आणू?

५ ऑगस्ट, बुधवार

पोरीचं रडणं आज बारीक झालं. टाळू खाली गेली आहे. बोटाला खळगा लागतो.

हिस्कियाने बोट लावून बघितलं. मग भाला काढला आणि दगडावर घासायला बसला. म्हटलं, "हे काय?" म्हणाला, "जातो वर. कातळ्या आणतो."

एकाहत्तर वर्षांचा माणूस! म्हटलं, "तुझा एक डोळा पांढरा झालाय." म्हणाला, "कातळ्याचे दोन्ही चांगले आहेत, तो मला बघेल." बोलण्यात कुणाला हरला नाही हा!

कातळ्या म्हणजे खरंच मजेचं हरीण. शेळीच्या मोठ्या करडाएवढं, आणि उभं राहतं खुरांच्या नुसत्या टोकांवर, जशी पाद्रीणबाई उंच टाचांवर उभी राहायची. कातळाच्या सुळक्यावर चारी पाय एका बशीएवढ्या जागेत ठेवील. कुत्रा भुंकत खाली ठेवायचा आणि आपण मागून चढायचं. तो कुत्र्याकडेच बघत राहतो, हा त्याचा मूर्खपणा. बंदुका सरकार आम्हाला ठेवू देत नाही, पण भाल्याने हिस्कियाने किती मारले असतील! आमची उशी त्याच केसांनी भरलेली. पोकळ केस, वाळल्या गवतासारखे झडतात.

ती कायम जोडीने असतात. एक पडला तरी दुसरा पळून जात नाही. वरच्या कातळावर उभा राहतो आणि नाकातून शिट्टी घालत राहतो. संध्याकाळी हिस्किया मला म्हणाला, "मी पडलो तर तू काय करशील, म्हातारे?"

म्हटलं, "मला शिट्टी येत नाही."

केवढा हसला!

६ ऑगस्ट, गुरुवार

उजाडताना गेला. भाला, दोरी, पाण्याचा डबा, चोर. मी विस्तव पेटवला.

हे आमच्यात आहे. नवरा शिकारीला गेला की बायकोने अंगणात विस्तव पेटवायचा आणि तो परत येईपर्यंत विझू द्यायचा नाही. दुसरं काहीही करायचं नाही. झाडायचं नाही, शिवायचं नाही, पाणी भरायचं नाही. विस्तव विझला तर त्याचा हात चुकतो, पाय चुकतो. या विस्तवावर भांडंसुद्धा चढवायचं नाही. बाळंतिणीचा विस्तव वेगळा, तो झोपडीत. तिथला निखारा इथे आणायचा नाही, इथला तिथे न्यायचा नाही. रक्ताला रक्त मिसळतं म्हणतात.

लिहायचं नाही असं कुणी सांगितलेलं नाही! नियम केला तेव्हा आमच्यात कुणाला लिहायला येतच नव्हतं. म्हणून लिहिते. हात मोकळे राहिले की मला काहीतरी सुचायला लागतं.

देहधर्माला मात्र धावत जाते आणि धावत येते. या वयात! कुणी बघायला नाही हे नशीब.

हिस्कियाने जायच्या आधी लाकडं रचून ठेवली, पिंप भरून ठेवलं. म्हणाला, "जाड धूर कर. वरून दिसला की बरं वाटतं." एरास्टसच्या गाढवाची वाळली लीद टाकली की पांढरा धूर सरळ वर जातो. इथून डोंगर दिसतो आणि डोंगरावरून आमचं अंगण. मध्ये कोरडी नदी, मग एकटं बाभळीचं झाड, मग पांढरा दगड. पांढऱ्या दगडाच्या पुढे माझे गुडघे जात नाहीत. पण तिथून हाक दिली की सगळा डोंगर ऐकतो आणि डोंगरावरची हाक तिथे पोचते. तरुणपणी मी तिथे उभी राहूनच त्याला जेवायला बोलवायचे. तो वरून ओरडायचा, "काय केलंयस?" मी ओरडायचे, "पीठ!" तो ओरडायचा, "मग नाही येत!" रोज पीठच असायचं. रोज यायचा.

७ ऑगस्ट, शुक्रवार

विस्तव नीट आहे.

पोरगी आज रडली नाही. एल्फ्रीडा दारात येऊन म्हणाली, "आजी, तू आत ये ना." म्हटलं, "बाळा, मला उठता येत नाही." म्हणाली, "लाकडं कुठे पळून चाललीत?" मी एक लाकूड पुढे सारलं. तिला खाणीच्या गावातलं वारं लागलंय, तिला हे सगळं जुनं वाटतं. ती पोरीला घेऊन दारातच बसली, म्हणजे मला दिसावी म्हणून. चांगली आहे माझी पोर.

पोरीची छाती हलताना दिसते. इथून मोजत बसले.

८ ऑगस्ट, शनिवार

कुठून सुरू करू! चोर आला!

ऊन डोक्यावर होतं. नदीतून पांढरट काहीतरी येताना दिसलं. जवळ आला तर चोर, आणि गळ्याखाली काय, तर तंगडी! कातळ्याची पुढची तंगडी, खुरासकट. खूर एवढासा, माझ्या अंगठ्याच्या पेरासारखा. हनुवटीखाली अशी आवळून बांधली होती की चोराचे दात पोचू नयेत. पाच वर्षांत या कुत्र्याने पहिल्यांदा मांस न खाता घरी आणलं! आणि बांधली कशाने, तर स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याने! मी एकटी हसत बसले. म्हटलं, विजार एका हाताने धरून शिकार करतोय की काय म्हातारा!

आमच्यात पहिली पुढची तंगडी बाळंतिणीची. वर राहून बाकीचं मांस वाळवत असेल, जोडीतल्या दुसऱ्याच्या मागे असेल, पण पहिली तंगडी आधी धाडली. या वयातही रीत विसरला नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात अशीच धाडली होती, तेव्हा त्याच्या भावाच्या हाती. मला एवढं भरून आलं की काय सांगू. एल्फ्रीडाला हाक मारली, "बघ, तुझ्या आजोबांनी काय धाडलं!"

तिच्याने भांडं उचलवेना. मग मीच आत गेले. आतल्या विस्तवावर हाडं फोडून टाकली, मीठ टाकलं. वास सुटला तर एल्फ्रीडा रडायलाच लागली. म्हणाली, "आजी, मांसाला असा वास असतो हे मी विसरले होते." दोन वाट्या प्यायली. मी पोरीला मांडीवर घेतलं, दोन रात्रींची जागी होते, भिंतीला टेकले—

जाग आली तेव्हा ऊन कुंपणापर्यंत उतरलं होतं. बाहेर धावले. राख! हात घातला. गार.

एल्फ्रीडा झोपली होती. बघायला कुणी नाही. मी काडी ओढली. काडीचा विस्तव तो विस्तव नव्हे, मला ठाऊक आहे. वर भरपूर लीद घातली, मघापेक्षा दुप्पट, धूर इतका जाड केला की देवालाही खोकला यावा. कुणाला सांगणार नाही. फक्त इथे लिहिलं. ही वही आता पोरीला द्यायची नाही.

९ ऑगस्ट, रविवार

दूध उतरलं!! पहाटे. एल्फ्रीडाची चोळी भिजली. पोरगी प्याली, सांडलं, ठसका लागला, पुन्हा प्याली. कसला आवाज करते पिताना, अगदी पणजोबांसारखा! आणि मग रडली. जोरात! एवढं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

मी विस्तवापाशी बसून मोठ्याने स्तोत्र म्हटलं. सगळी कडवी येत नाहीत, पहिलंच चारदा म्हटलं.

आता म्हातारा आला की झालं.

१० ऑगस्ट, सोमवार

लाकडं संपली. कुंपणाचे खांब काढून जाळते आहे. शेळ्याच नाहीत तर कुंपण कशाला.

चोर काही खात नाही. नदीपर्यंत जातो, मागे वळून माझ्याकडे बघतो, भुंकतो, परत येतो. माझं लुगडं धरून ओढलं. दगड मारला त्याला. म्हटलं, "मेल्या, मला उठवतोस! एकदा उठले तेवढं पुरे नाही झालं?"

लागला दगड. बिचारा. नंतर पाठीवरून हात फिरवला.

११ ऑगस्ट, मंगळवार

एरास्टस आला. आधी पणतीला बघून हसला, दोन रताळी आणली होती ती दिली. मग म्हणाला, "दादा कुठे?"

म्हटलं, "वर. शनिवारी तंगडी धाडली. बाळंतिणीची."

"कुणाबरोबर?"

"चोराबरोबर." आणि पट्ट्याची गंमत सांगितली. पट्टा दाखवला. मला वाटलं हसेल.

एरास्टसने पट्टा हातात घेतला. उलटासुलटा केला. आतल्या बाजूला रक्त वाळलेलं होतं, मी ते कातळ्याचं समजले होते. म्हणाला, "वहिनी, दादाकडे दोरी नव्हती का?"

"होती की. खांद्यावर घेऊन गेला होता."

"मग दोरी कुठे लागली?"

मी पट्टा परत हातात घेतला. तो म्हणाला, "मोडलेला पाय बांधायला दोरी लागते." आणि पाण्याचा डबा भरून आपल्या गाढवावर लादला. चोर त्याच्या पुढे धावला, एकदाही मागे न बघता.

मी विस्तवापाशी बसले आहे. आता तरी विझू देणार नाही. माझी खुर्ची जाळली.

१२ ऑगस्ट, बुधवार

आणला! जिवंत! एरास्टसने पाठीवर घेऊन पांढऱ्या दगडापर्यंत आणला, तिथून त्याच्या गाढवावर.

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालंय. ओठ फाटलेले. डावा पाय गुडघ्याखाली दोरीने भाल्याच्या दांड्याला बांधलेला. पण मला बघून म्हणाला, "पीठ केलंयस ना?" म्हटलं, "हो." म्हणाला, "मग चूक झाली, परत नेऊन ठेवा."

मी विस्तव विझवला. विझवताना हात जोडले. राहिला माझा नवरा, काडीच्या विस्तवाने का होईना राहिला! पोरीला त्याच्या कुशीत ठेवली. तो तिच्या टाळूवर बोट फिरवत होता. खळगा भरलाय.

१३ ऑगस्ट, गुरुवार

पायाला वास येतो. मीठपाण्याने धुतला, कडू पाल्याचा लेप लावला. बोटं काळी पडलीत. एरास्टस लॉरीसाठी रस्त्यावर गेला आहे. दवाखाना लॉरीनेही दीड दिवसावर. पण लॉरी सोमवारी येणार म्हणे, त्याआधी नाही.

थोडं थोडं बोलतो. शुक्रवारी संध्याकाळी कातळ्या मारला, नर होता. शनिवारी सकाळी तो खांद्यावर घेऊन उतरताना दगड निसटला. दगडाने तसं करायला नको होतं, म्हणतो, त्या दगडावर तो चाळीस वर्षं पाय ठेवतोय. कपारीत पडला. कच्चं काळीज खाल्लं. पाण्याचा एकेक घोट. आणि म्हणाला, "मादी वरच होती. चारही दिवस. सकाळी शिट्टी, संध्याकाळी शिट्टी. खाली बघायची माझ्याकडे. मला वाटलं आता ही उतरून येऊन लाथ घालते." हसला. मीही हसले.

तो शनिवारी सकाळी पडला. माझा विस्तव विझला दुपारी. मी बोटांवर तीनतीनदा मोजलं. आधी पडला. म्हणजे माझ्यामुळे नाही! हे लिहिताना बघ कसं अक्षर नाचतंय. माझ्यामुळे नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

अंग तव्यासारखं तापलंय. काळं गुडघ्यावर चढलं. एल्फ्रीडा म्हणते पायावर हात ठेवू नकोस आजी, त्याला दुखतं. तो म्हणतो, "ठेवू दे."

पोरीचं नाव ठेवलं. माझंच. ओटिली. एवढा विचार करून! म्हटलं, "दुसरं सुचलं नाही?" म्हणाला, "हाक मारायची सवय आहे."

१५ ऑगस्ट, शनिवार

पाणी ओठावरून परत येतं. लॉरीला अजून दोन दिवस.

१६ ऑगस्ट, रविवार

हिस्किया उजाडताना गेला.

काल दुपारी शुद्धीवर होता. मला राहवलं नाही. त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "माझा विस्तव विझला होता रे. गेल्या शनिवारी. काडीने पेटवला परत. माफ कर." मला वाटलं रागावेल.

म्हणाला, "बघितलं मी. धूर थांबला. म्हटलं, तंगडी पोचली, पट्टा बघितला, उठली म्हातारी. मग तुझ्याबरोबर चालत बसलो. आता नदी. आता बाभळ. तुझे गुडघे धरून सावकाश आणलं तुला. पांढऱ्या दगडापाशी आणलं आणि हाक मारायला तोंड उघडलं—"

हसायला बघत होता.

"—तर खाली पुन्हा धूर."